बंबाची निवृत्ती

विलायतेत थंडी पडू लागली की गृहस्थाला घर तापवण्याची चिंता लागते. तिकडच्या जुन्या घरांत कुठेतरी कोपऱ्यात एक बॉयलर बसवलेला असतो, खोल्याखोल्यांतून त्याचे गरम पाण्याचे नळ फिरवलेले असतात, आणि तो बॉयलर म्हातारा झाला म्हणजे दुरुस्त करावा की बदलावा यावर नवरा-बायकोत वर्षभर खल चालतो, असे तिकडे राहून आलेली आपली मुले सांगतात. ठाण्या-कल्याणच्या माणसाला ही काळजी नाही. आपले घर तापवण्याचे काम परमेश्वराने मार्चपासून जूनपर्यंत, आणि पुन्हा ऑक्टोबरात, स्वतःकडेच घेतले आहे, आणि त्यात तो कधी कुचराई करीत नाही. आपल्याला तापवायचे असते ते फक्त आंघोळीचे पाणी.

पण वाचकहो, एवढ्या एका गोष्टीसाठी आपल्या जुन्या घरांत जी खटपट चालते, ती काही त्या बॉयलरच्या खटपटीपेक्षा कमी नाही. दिवाळीत तर तिची परीक्षाच असते. नरक चतुर्दशीच्या पहाटे घरात जेवढी माणसे तेवढ्या बादल्या कढत पाणी हवे, तेही उजाडायच्या आत. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात या सदराला मी विषय घेतला आहे तो आपल्या जुन्या बंबाचा आणि त्याच्या जागी येणाऱ्या नव्या यंत्रांचा.

तरुण वाचकांपैकी पुष्कळांनी बंब पाहिला असेल तो एखाद्या हॉटेलाच्या दारात, शोभेसाठी ठेवलेला. त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. तांब्याचे गोल, उंच भांडे. त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत गेलेले नळकांडे. खाली जाळी आणि राख पडायची जागा. बाजूला पितळेची तोटी. नळकांड्यात लाकडाच्या ढलप्या, करवंट्या, नारळाची सोडणे, गोवऱ्यांचे तुकडे, थोडक्यात जळेल ते काहीही टाकायचे. जाळ मधून जातो आणि पाणी त्याच्या भोवती असते. त्यामुळे तीन दगडांच्या चुलीवरच्या हंड्यापेक्षा याला सरपण पुष्कळ कमी लागते. पुण्याच्या तांबट आळीत असे बंब ठोकून घडवीत, आणि एकदा घेतलेला बंब दोन-दोन पिढ्या चाले. त्याचे नियमही सुटसुटीत होते. जेवढे गरम काढाल तेवढे गार ओता, आणि कोरडा कधी पेटवू नका, नाहीतर सांध्याचा डाख वितळतो.

बंबाचे हे गुण गाताना एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. बंबाच्या पाण्याची सर गिझरला नाही, असे म्हणणारे जे पुरुष मला भेटतात, त्यांपैकी पहाटे चारला उठून फुंकणी घेऊन बंबापुढे बसलेला मला तरी आजवर एकही भेटलेला नाही. ते काम आईकडे, नाहीतर थोरल्या सुनेकडे असे. धूर तिच्या डोळ्यांत आणि छातीत जाई, आणि पाण्याची तारीफ मात्र दुसऱ्यांच्या तोंडी असे. तेव्हा बंब निवृत्त झाला याचे मला फार दुःख नाही. प्रश्न आहे तो त्याच्या जागी कोणाला नेमायचे, आणि नेमताना काय पाहायचे, याचा.

या दोन नावांचीही एक गंमत आहे. पाणी तापवतो तोही बंब, आणि आग विझवायला घंटा वाजवीत धावतो तोही बंबच. पोर्तुगीज भाषेत पंपाला ‘बोंबा’ म्हणतात, आणि आपला शब्द तिकडूनच आला असे जाणकार सांगतात. आपले ठाणे १७३७ साली मराठ्यांनी जिंकून घेईपर्यंत पोर्तुगीजांकडेच होते, त्यामुळे हा पाहुणा आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. ‘गिझर’ हा शब्द आला तो मात्र थेट आइसलँडहून. तिथे जमिनीतून उसळणाऱ्या एका उन्हाळ्याचे ते नाव. तसे उन्हाळे आपल्या ठाणे जिल्ह्यातही आहेत. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी इथल्या कुंडांत तानसा नदीच्या काठी ना लाकूड ना वीज, तरी पाणी बारा महिने ऊन.

घरात बसवायचा पहिला गिझर मात्र लंडनच्या एका रंगाऱ्याने केला. बेंजामिन वॅडी मॉन हे त्याचे नाव, आणि साल १८६८. गॅसच्या ज्योतींवरून पाणी वाहत जाई आणि बादलीत गरम होऊन पडे. युक्ती नामी होती, पण गॅस जळून होणारी वाफ आणि धूर बाहेर काढायला त्या यंत्राला धुराडेच नव्हते. ते सगळे न्हाणीघरातच राही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण दीडशे वर्षांनंतर तीच गोष्ट मला कल्याणात भेटली.

माझी एक मावशी कल्याणला जुन्या गावात एका दुमजली कौलारू घरात राहते. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. घरात मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू. त्यांचा बंब परसात, पत्र्याच्या पडवीखाली असे. त्याचा खालचा सांधा गळू लागला. डाख लावणारा तांबट जवळपास मिळेना. पूर्वी मुरबाड-शहापूरकडून येणारे लाकूड ज्या वखारींत मिळे, त्या वखारींच्या जागी आता इमारती झाल्या आहेत. अशीच एक सात मजली इमारत मावशीच्या परसाला लागून उभी राहिली, आणि तिच्या खिडक्यांतून रोज सकाळी धुराबद्दल तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा माझ्या मावसभावाने निकाल लावला. बाजारातून सिलिंडरवर चालणारा गॅस गिझर आणला आणि जिन्याखालच्या न्हाणीघरात बसवून टाकला.

मी त्याला विचारले, विजेचा का घेतला नाही? तो म्हणाला, “दादा, हे घर दोन-चार वर्षांत पुनर्विकासाला जायचंच आहे. पाडायच्या घरात नव्या तारा कशाला ओढायच्या? गॅसला काही लागत नाही. सिलिंडर जोडला की काम झालं.”

त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही. जुन्या घरांत राहणारी हजारो कुटुंबे आज असाच विचार करतात. पुढच्या महिन्यात बैठक, त्याच्या पुढच्या महिन्यात करार, असे करता करता दहा वर्षे जातात, आणि तेवढी दहा वर्षे घराला खिळासुद्धा ठोकला जात नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. सूनबाई पानांवर वाढून आत जाऊन पडल्या. मी चौकशी केली, तेव्हा मावशी म्हणाली, “अरे, हल्ली तिला न्हाऊन आलं की डोकं धरतं, गरगरतं. पित्त आहे म्हणतात.”

“आणि तुला नाही होत काही?”

“मला काय होतंय! मला ते नवीन यंत्र वळत नाही. मी अजून परसातल्या चुलीवर माझी तपेली ठेवते.”

हे ऐकून माझा घास हातातच राहिला. मी उठून न्हाणीघर पाहिले. रुंदी चार फूट, लांबी सहा, उंची आठ. खिडकी नाही. वर एक झरोका होता, तो डास येतात म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेला. आणि थंड वारा नको म्हणून दाराच्या फटीला आतून फडके.

आता थोडे गणित करू. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅस गिझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. म्हणजे पाव तासाच्या आंघोळीत पाव किलो. पाव किलो गॅस नीट जळायला सुमारे तीन घनमीटर हवा लागते. मावशीच्या त्या न्हाणीघरात हवा होती एकूण साडेपाच घनमीटरच्या आत. म्हणजे निम्म्याहून अधिक हवा यंत्राला, आणि उरलेल्या हवेत माणूस. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो घटक असतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मग गरगरते, मळमळते. त्यापुढे माणूस खाली बसतो, आणि दाराला आतून कडी असते. आपल्या राज्यात दर काही दिवसांनी वर्तमानपत्रात न्हाणीघरातल्या मृत्यूची जी बातमी येते, तिच्यामागे पुष्कळदा एवढेच असते.

त्याच संध्याकाळी तो गिझर भिंतीवरून उतरवला. आठवड्याभरात सूनबाईंचे पित्त गेले.

मावशीने या प्रकरणावर दिलेला निकाल मला फार पटला. ती म्हणाली, “बंबाचा धूर डोळ्यांत जायचा म्हणून आम्ही तो बाहेर ठेवला. ह्याचा धूर दिसत नाही, म्हणून तुम्ही ह्याला घरात घेतलात.”

बंबही काही साधुसंत नव्हता. कोळसे टाकून तो बंद खोलीत पेटवला असता, तर त्यातूनही हाच वायू निघाला असता. पण त्याचा धूरच त्याला परसात घालवीत होता. नव्या यंत्रांचे धोके डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून यंत्र आणण्यापूर्वी घराला त्याच्यासाठी तयार करावे लागते. गॅस गिझरच हवा असेल तर तोही ठेवता येतो, पण न्हाणीघराच्या बाहेर, सज्जात किंवा उघड्या पडवीत, धुराडे मोकळ्या हवेत काढून; आत यावे ते फक्त गरम पाण्याचे नळकांडे.

मावशीच्या घरी मग विजेचा विचार सुरू झाला. वायरमन आला. त्याने मीटरजवळचा बोर्ड उघडला आणि आम्हा सर्वांना बोलावून दाखवला. लाकडी पट्टीवरून गेलेल्या जुन्या तारा, त्यांवरचे रबर बोट लावताच भुग्यासारखे गळत होते. फ्यूज वारंवार जातो म्हणून कोणीतरी त्यात बोटभर जाड तार घातलेली, म्हणजे तो आता कधीच जाणार नव्हता. तीन छिद्रांचा सॉकेट होता, पण तिसऱ्या छिद्राच्या मागे तारच नव्हती. वायरमन म्हणाला, “आजी, ह्या तारेवर गिझर लावला ना, तर पाणी मागाहून तापेल, भिंत आधी.”

त्याचे म्हणणे हिशेबाला धरून होते. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपियर प्रवाह ओढतो. तीन हजार वॅटचा, झटपट पाणी देणारा, तेरा अँपियर. आणि जुन्या घरांतली तार ओढली होती ती दोन दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ यांच्यासाठी. गंमत पाहा, इथून हाकेच्या अंतरावर ठाकुर्लीला रेल्वेने १९२९ साली चोळ्याचे वीजघर उभारले. त्याच्या विजेवर गाड्या धावल्या, आणि त्या गाड्यांतून कचेरीला जाणारी माणसे मात्र बंबाच्या पाण्याने न्हाऊन निघत. ते वीजघर बंद होऊनही आता कित्येक वर्षे झाली, तरी जुन्या घरांतल्या तारा अजून तशाच आहेत.

तेव्हा मावशीकडे कामे झाली ती अशी. मीटरपासून न्हाणीघरापर्यंत केवळ गिझरसाठी तांब्याची वेगळी जाड तार ओढली आणि तिला स्वतंत्र एमसीबी दिला. परसात खड्डा खणून अर्थिंग नव्याने केले. प्रवाह थोडा जरी वाट चुकला तरी क्षणात वीज तोडणारी आरसीसीबी नावाची कळ बसवली. मंजूर भार वाढवून मिळण्यासाठी महावितरणकडे अर्ज केला. मावशी अजून तिला ‘बोर्ड’च म्हणते.

मग आला भिंतीचा प्रश्न. पंधरा लिटरचा गिझर भरला म्हणजे वीस-पंचवीस किलोंचा होतो, आणि मावशीची भिंत माती-विटांची. खिळा मारला की पोपडा यावा अशी. म्हणून लोखंडी घोडी करून गिझर तिच्यावर ठेवला. त्यानंतर पाण्याचा प्रश्न. नळाला पाणी सकाळी ठरावीक वेळ, आणि ते साठते पिंपात. पिंपातले पाणी आपण होऊन गिझरात चढत नाही. कौलांवर टाकी ठेवावी, तर दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन, ते जुन्या वाशांनी का सोसावे? शेवटी परसात विटांचे उंच खांब बांधून टाकी त्यांवर बसवली, बंबाची जागा होती तिथेच.

या सगळ्याला खर्च किती आला म्हणाल, तर गिझरच्या किमतीच्या तिप्पट. मावसभाऊ कुरकुरला. त्याला मी एवढेच म्हटले, “घर पाडायचं आहे, घरातली माणसं नव्हेत.” शिवाय गिझर, एमसीबी, आरसीसीबी या उचलून नेता येणाऱ्या वस्तू आहेत. नव्या घरात त्या बरोबर जातील.

वीज फार जळेल ही भीतीही हिशेबाने घालवावी. एक युनिट विजेत ८६० किलोकॅलरी उष्णता असते. आपल्याकडे थंडीत पाणी साधारण चोवीस अंशांचे, आणि अंगाला सुखाचे लागते ते बेचाळीस अंशांचे. वीस लिटरची बादली अठरा अंशांनी तापवायला ३६० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ०.४ युनिट. पाच माणसांचे पाच बादल्या पाणी दोन युनिटांत होते. इकडेतिकडे वाया जाणारी उष्णता धरली तर थोडे अधिक. खरा खर्च होतो तो गिझर दिवसभर चालू ठेवण्याने.

विसणाचा हिशेबही बायकांना पाठ होता, तोच इथे लागू पडतो. गिझरातले पंधरा लिटर पाणी साठ अंशांचे असले, की त्यात तितकेच गार पाणी घालून आंघोळीचे तीस लिटर होते, म्हणजे दीड बादली. पुन्हा तेवढे तापायला दोन हजार वॅटच्या गिझरला वीसेक मिनिटे हवीत. तेव्हा दिवाळीच्या पहाटे सात माणसे ओळीने न्हायची असतील, तर पहिल्या दोघांनंतर तिसऱ्याने गिझरच्या नावाने खडे फोडू नयेत. त्याने त्या वेळात दुसऱ्याच्या पाठीला तेल लावावे.

बादलीत बुडवायच्या विजेच्या कांडीबद्दल दोनच वाक्ये. ती स्वस्त आहे आणि अर्थिंग नसलेल्या घरात ती सर्वांत घातकी आहे. वापरणारच असाल तर बटण बंद करून, पिन काढून, मगच पाण्याला बोट लावा, आणि लहान मुलांच्या वाऱ्याला ती ठेवू नका.

ठाण्या-डोंबिवलीच्या इमारतींत राहणारे वाचक विचारतील, सूर्याचे काय? ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी नव्या इमारतींना गच्चीवर सौर उष्णजल यंत्र बसवणे सक्तीचे केले आहे. योजना चांगली आहे. शंभर लिटर पाण्याला सुमारे दोन चौरस मीटरची तबकडी पुरते, आणि एकदा बसवल्यावर इंधनाचा खर्च शून्य. पण गच्चीवरून खालच्या मजल्यापर्यंत नळ लांब असतो, त्यामुळे वरच्यांना कढत मिळते आणि खालच्यांची आधी दोन बादल्या गार पाणी सोडण्यात जातात. नळाला उष्णता राखणारे वेष्टन नीट असेल तर हे पुष्कळ कमी होते. पावसाळ्याचे चार महिने मात्र सूर्यनारायण आपल्याकडे रजेवरच असतात, म्हणून जोडीला वीज लागतेच. मावशीसारख्या कौलारू घराला हे यंत्र पेलत नाही. पण ज्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर ते धूळ खात पडले आहे, त्यांनी पुढच्या सभेत विषय जरूर काढावा.

आणि ज्यांच्या घरी गिझर आधीपासून आहे, त्यांनी दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत त्यालाही एक तास द्यावा. बोअरिंगचे जड पाणी वापरात असेल तर आतल्या कांडीवर चुन्याचा थर बसतो. माहीतगाराकडून तो काढून घ्या, आणि टाकी गंजू नये म्हणून आत असलेली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदला. वाफेचा दाब सोडणारी झडप मोकळी आहे का ते पाहा. थेंब गळतो म्हणून ती कोणी बंद करू नये. आरसीसीबीवर तपासणीचे एक छोटे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबा. दाबताच वीज गेली तर कळ शाबूत आहे असे समजा. घरात अर्थिंग आहे की नाही याची शंका असेल, तर पाणी तापवून, गिझर बंद करून, मगच आत जा. गॅस गिझर न्हाणीघरात असेल तर झरोक्यातला पुठ्ठा आजच्या आज काढा. डास चावतील, ते परवडले.

मावशीचा बंब मोडीत गेला नाही. भंगारवाला तांब्याचा भाव सांगून दोनदा येऊन गेला, दोनदा हात हलवीत परतला. चिंच लावून घासलेला तो बंब आता ओटीवर उभा आहे आणि त्यात नातवाच्या क्रिकेटच्या यष्ट्या ठेवलेल्या असतात. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवाच.

वाचकहो, नरक चतुर्दशीला पहाटे उठाल, तेल-उटणे लावाल, पायाखाली कारीट फोडाल आणि मग डोंबिवलीकर फडके रोडला, ठाणेकर तलावपाळीला नवे कपडे घालून जातील. घरातले सगळे कढत पाण्याने न्हाऊन, हसतमुखाने दाराबाहेर पडोत, आणि त्यांचे पाणी ज्या कोणी तापवले तिलाही यंदा पहिल्या बादलीचा मान मिळो, हीच या सदराची दिवाळीची शुभेच्छा.